पानं तं होरीत गरतात जी

आमच्या वर्गाच्या भिंतीवर ऋतूंचा एक तक्ता आहे. गोंदियाच्या बाजारातून मी तो चाळीस रुपयांना आणला. चाळीस रुपयांत चार ऋतू, म्हणजे दहाला एक पडला, महाग नाही. त्यातल्या तिसऱ्या चौकोनात एक गोरागोमटा मुलगा आहे. अंगात लोकरीचा सदरा, पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात लांब दांड्याचं दाताळं. भोवती पंज्याच्या आकाराच्या लाल-पिवळ्या पानांचा खच पडलेला, आणि हा त्याचे ढीग लावतो आहे. वर लिहिलंय ऑटम, खाली लिहिलंय शरद. छापणाऱ्याने दोघांचं लग्न लावून दिलं, पत्रिका बघितली नाही.

तिसरीतला एक जण त्या चित्रासमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा होता.

"गुरुजी, हा पोरगा काय करते जी?"

"पानं गोळा करतोय."

"कायले?"

"शरद ऋतूत झाडांची पानं गळतात. म्हणून."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि आजारी माणसाला सांगावं तशा मऊ आवाजात म्हणाला, "पानं तं होरीत गरतात जी."

आता या वाक्याचं काय करायचं? भाषेचा शिक्षक म्हणून मला ते दुरुस्त करायला हवं होतं. आमच्या झाडीपट्टीत ळ चा र होतो. होळीची होरी, दिवाळीची दिवारी, तळ्याचा तरा. श्रुतलेखनाच्या वह्यांत मी दिवसभर तांबड्या शाईने र चे ळ करतो आणि संध्याकाळी घरी आईशी बोलायला बसलो की माझे सगळे ळ मुकाट्याने र होतात. पण मी परिसर अभ्यासाचाही शिक्षक आहे, आणि त्या खात्यात पोराचं वाक्य पैकीच्या पैकी होतं. आमचा साग, आमचा मोह, आमचा पळस उघडा पडतो तो फेब्रुवारी-मार्चात. आश्विनात जंगल गच्च हिरवं असतं. त्या दिवसांत गळायचं काही असेलच तर ते मास्तरचं अवसान.

मी तक्ता काढला नाही. चाळीस रुपये दिले होते.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. नाव सांगण्याइतकं मोठं नाही. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन: पहिली-दुसरीला मॅडम, तिसरी-चौथीला मी. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण धान आणि तलाव दोघांच्याही वाट्याला पुरून उरले. पुस्तकात याला भाताचं पीक म्हणतात. आमच्याकडे शेतात असतं ते धान; भात फक्त ताटात. आणि शरद म्हणजे काय हे विचाराल तर नाकाने सांगता येईल. दसऱ्याच्या सुमारास सकाळी परिपाठाला पोरं रांगेत उभी असतात, प्रतिज्ञा चालू असते, आणि बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतातून, पिकत्या धानाचा वास येतो. ऊन, ओल आणि नव्या तांदळाची पेज यांच्या मधला काहीतरी. अशा वेळी प्रतिज्ञेतले मधले शब्द पोरं गिळतात. मीही गिळत असेन.

हलकं धान आधी पिवळं पडतं, भारी धान कार्तिकापर्यंत उभं राहतं. आमचं हजेरीपत्रकही तसंच आहे. हलक्या धानाची पोरं दिवाळीआधी गायब होतात, भारी धानाची दिवाळीनंतर. "उद्या नाई येत जी, धान कापाले जाचा आहे," असं सांगून जातात. म्हणजे काही विळा चालवायला नाही. धाकट्या भावाला धुऱ्यावर सांभाळायचं, पाण्याची कळशी न्यायची, कापलेल्या कडपांवर पाखरं बसू द्यायची नाहीत, अशी ती कामं. पण तोऱ्याने सांगतात असं, की अख्खी बांधी यांच्याच खांद्यावर उभी आहे. अवकाळी पाऊस आला तर मग विचारूच नका. जमिनीवर कडपा पसरलेल्या आणि वर ढग, अशा दिवशी माझ्या वर्गात मी, फळा आणि तक्त्यातला तो बूट घातलेला मुलगा एवढेच हजर असतो. २०२२ च्या शरदात आमच्या तालुक्यात रानहत्तींचा कळप उतरला. उभं धान तुडवलं, गावं रात्र रात्र जागली. सकाळी जी दोन-चार पोरं शाळेत आली ती बाकावर डोकं टेकून झोपली. गैरहजेरीचं कारण मी खरं ते लिहिलं: हत्ती. त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

कापणी झाल्यावर बांधीत ज्या लोंब्या राहतात तो सरवा. तो वेचायला पोरांना मुभा असते, आणि वेचलेलं ज्याचं त्याचं. चौथीतली एक मुलगी सरवा दुकानात देऊन मुर्रा, म्हणजे चुरमुरे, घेते. दुकानदार धान मापून घेतो आणि मुर्रा अंदाजाने देतो, हा अन्याय तिच्या लक्षात आला तेव्हा तिने घरून स्वतःचं माप नेलं. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा तिच्या पुस्तकात अजून यायचा आहे.

तांदळावरून आठवलं. शाळेत दुपारी जो आहार मिळतो त्यात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक पोरामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असतो. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं मिळत नसे. महिन्याला तीन किलो तांदूळ पोराच्या हातात, पिशवीत. आता खिचडी. पण तांदूळ येतो तो पोत्यातून, कुठकुठले गोदाम फिरून. दिवाळीच्या तोंडावर घरात नवं धान आलं की ही पोरं शाळेतल्या ताटाकडे अशा नजरेने बघतात की स्वयंपाकीण बाई कानकोंड्या होतात. "जुना आहे जी," असं पहिलीतलं पोरगं शितं चिवडत सांगतं. ज्याला अजून 'तांदूळ' लिहिता येत नाही त्याला तांदळाचं वय सांगता येतं.

आता दिनविशेष. सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आमच्या खात्याचा खरा मोसम. शिक्षकदिनाने तोंड लागतं, मग साक्षरता दिन, पोषण महिना, २ ऑक्टोबर, वन्यजीव सप्ताह, एकता दिवस, ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस (१९०० साली या तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं), बालदिन, संविधान दिन. प्रत्येकाचा फोटो काढून वर पाठवायचा. सगळ्यांत कसोटीची तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवशी डॉ. कलामांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन, २०१५ पासून. आणि जगभरात हात धुवा दिनही त्याच दिवशी. दोन्हींचे फोटो वेगळे हवेत. आम्ही आधी हात धुतले आणि मग पुस्तकं घेतली, त्यामुळे त्या वर्षी वाचनालयातल्या सतरा गोष्टींच्या पुस्तकांवर ओली बोटं उमटली. पुढच्या वर्षी आधी वाचन, मग हात. प्रशासन म्हणजे शेवटी क्रम.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन होतं. पाटीवर एक हा आकडा खाली-वर, उलटसुलट मांडत गेलं की सरस्वती उभी राहते. मोठ्यांना ती जमते. पहिलीतल्यांची सरस्वती कधी शेकरूसारखी दिसते, कधी बंडीसारखी. एकीने सगळे एक काढले आणि मग नीट मोजून खाली बेरीज लिहिली. तिला हळद-कुंकू वाहायचं की बरोबरची खूण करायची, यावर मॅडम आणि मी क्षणभर थांबलो. दोन्ही केलं. त्या दिवशी वर्गातली चार-पाच पोरं मात्र नसतात. ती आजोबांचं बोट धरून गाडीने नागपूरला गेलेली असतात, दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती, त्या दिवसापासूनची ही वाट. परत येतात ती घसा बसलेला, डोळ्यांत झोप आणि पिशवीत पुस्तकं घेऊन. एकाने बाबासाहेबांचं कॅलेंडर आणलं आणि विचारलं, कुठं लावू जी? मी म्हटलं, तक्त्याशेजारी. तेव्हापासून आमच्या भिंतीवर निदान तारखा तरी खऱ्या आहेत.

मॅडम मूळच्या नागपूरकडच्या. बदली होऊन आल्या तेव्हा सोबत भुलाबाई घेऊन आल्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. आमच्या मुलींना गाणी यायला वेळ लागला, ओळखणं मात्र पहिल्याच दिवशी आलं. खळखळ वाजलं तर फुटाणे, सरसर वाजलं तर मुर्रा, वाजलंच नाही तर शिरा. एका शनिवारी एका ढिवराच्या मुलीने डबा आणला. हलवला तर आतून गोटे आदळल्यासारखा आवाज. लाडू? नाही. सुपाऱ्या? नाही. नारळ? इतक्या छोट्या डब्यात कसा मावेल? वर्ग हरला, मॅडम हरल्या, मलाही बोलावून घेतलं, मीही हरलो. झाकण उघडलं तर उकडलेले शिंगाडे, काळे कुळकुळीत, दोन शिंगांचे, अजून कोमट. तिचा बाप पहाटे तळ्यात उतरून काढतो. भुलाबाईला याआधी कुणी शिंगाडा दाखवला असेल असं वाटत नाही. मॅडम तो सोलायला गेल्या आणि काटा बोटात गेला. मग त्या मुलीने बाईंना शिंगाडा कसा धरायचा ते शिकवलं, दोन वेळा, न रागावता. आम्ही तिला पाढे शिकवताना इतकं सबुरीने घेत नाही.

दिवाळीच्या सुटीआधी सत्राची परीक्षा आणि परीक्षेनंतर कार्यानुभव: पणत्या, आकाशकंदील, भेटकार्डं. एका वर्षी कुठूनशी किल्ला-बांधणी स्पर्धेची सूचना आली. दिवाळीत किल्ला करणं ही पुण्या-साताऱ्याकडची हौस. आमच्याकडे दिवाळीत अंगणं सारवतात, लक्ष्मीपूजनानंतर गोवारी समाजाचं गायगोधन असतं, गायी सजवून वाजतगाजत काढतात. किल्ला कुणी करत नाही. पण सूचना ती सूचना. मी चौथीला म्हटलं, प्रतापगड करू. शिवरायांनी अफजलखानाला जिथं गाठलं, १० नोव्हेंबर १६५९, धडा नुकताच झाला होता.

प्रतापगड म्हटल्याबरोबर वर्ग एकदम सैलावला. अर्ध्याअधिक पोरांनी तो पाहिलेला होता. महाशिवरात्रीला गेलो होतो, वर महादेव आहे, दर्गा आहे, खाली रहाटपाळणा असतो, सगळी माहिती तयार. कारण आमच्या तालुक्यातही एक प्रतापगड आहे, आणि पोरांच्या लेखी दुसरा असण्याचं काही कारण नव्हतं. एकाने हात वर केला.

"गुरुजी, अफजलखान यात्रेले आला होता का जी?"

मी साताऱ्याचा नकाशा काढला. अंतर दाखवलं. वर्ग थोडा हिरमुसला. इतकी वर्षं ज्या डोंगरावर आपण नारळ फोडत आलो तिथं खान आलाच नव्हता, हे एकदम पचणारं नव्हतं. मागच्या बाकावरून एक पुटपुटलं, "आला असन. पुस्तकवाल्यायले का मालूम?" इतिहासात असे पुष्कळ वाद याहून कमी पुराव्यावर चालले आहेत, म्हणून मी गप्प बसलो.

दोन दिवस पोरांनी हातपंपाजवळ माती कालवली. मला केंद्रावर बैठक होती. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर किल्ला नाही. मातीच्या सात टेकड्या, त्यांच्या मधल्या फटी घट्ट ठोकून बुजवलेल्या, आत लोटाभर पाणी आणि पाण्यात शेवाळाची दोन पानं कमळ म्हणून सोडलेली.

"हा कोणता किल्ला रे?"

"किल्ला नाई जी, तरा आहे. नवेगावचा."

मी बघत राहिलो. नवेगाव बांध आमच्याच तालुक्यात. कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने अठराव्या शतकात डोंगरांमधल्या खिंडी बुजवून तो बांधला असं इथं सगळ्यांना माहीत असतं. त्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला. कोहळी समाजाने या मुलखात तलावच तलाव बांधले. गड बांधायला इथं कुणाला सवड नव्हती, धानाला पाणी हवं होतं. पोरांनी बुरूज करायला माती घेतली आणि हात सवयीने पाळ घालत गेले. पाणी मुरत होतं म्हणून एकाने तळाशी घरून आणलेलं शेण-मातीचं लिंपण दिलं होतं. पाटासाठी पपईच्या देठाची नळी, आणि नळीच्या तोंडाशी बोटाएवढी बांधी, तीत खरोखरच गवताची पाती रोवलेली. मी फोटो काढून पाठवला. उत्तर आलं: विषयाला धरून नाही. बाकी शेऱ्यात चूक काढता येणार नाही. त्यात मावळे नव्हते, भगवा नव्हता, तटबंदी होती पण ती पाण्यासाठी. सुटी लागेपर्यंत पोरं रोज येऊन त्यात लोटाभर पाणी टाकत होती, आणि त्या तळ्याची मालकी कुणाची यावरून दोन मारामाऱ्या झाल्या. म्हणजे नक्कल सर्व बाजूंनी हुबेहूब होती.

सुटी संपते तेव्हा खरी सुटी सुरू होते, कारण मंडई. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून ठरवून ठेवलेली. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच-खेळ, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. नाटकाच्या कंपन्या बहुतेक वडशाच्या. ही झाडीपट्टी रंगभूमी आता दिल्लीपर्यंत पोचली, २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच की नाटक रात्री दहानंतर उभं राहतं आणि पहाटे पडदा पडतो. पंधरा दिवसांत पोरगं चार गावांच्या चार मंडया करतं: आपली, आत्याची, मामाची, आणि चौथी कुणाची ते त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी हजर राहतं, पण देहाने.

अशा दिवशी शिकवण्यात अर्थ नसतो. मी एकदा म्हटलं, बरं, काल काय पाहिलं ते करून दाखवा. तिसरीतला तो पानंवाला उठला. मॅडमची ओढणी मागून आणली, डोक्यावर घेतली आणि दंडारीतली बाई झाला. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात, त्यामुळे यात कुणाला हसू आलं नाही. सगळे गंभीरपणे बघत होते. मग नाटक. सासूने सुनेला घराबाहेर काढलं, सून पावसात उभी राहिली, पाऊस पाडायला दोघांनी डबे वाजवले. एकही वाक्य चुकलं नाही. दोन तास चाललं. आठ ओळींची कविता पाठ होत नाही म्हणून ज्याला मी आदल्या आठवड्यात उभं केलं होतं, तो सुनेचा बाप झाला होता आणि मुलीला परत घरात घ्या म्हणून पदर पसरताना त्याचा आवाज असा काही फुटला की खिचडीची परात घेऊन दारात आलेल्या स्वयंपाकीण बाई तिथंच डोळे पुसायला लागल्या. खिचडी थोडी लागली त्या दिवशी. कुणी तक्रार केली नाही.

यानंतर पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर. पहिली तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या. चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला राहिलेले, तेव्हा हा आठवडा एका अर्थी आमच्या घरचा. अडचण एवढीच की कधी तो दिवाळीच्या सुटीत सापडतो, कधी मंडईत. यंदा निम्मा सापडला. पक्षी निरीक्षणाचा तक्ता भरून पाठवायचा होता: पक्ष्याचे नाव, ठिकाण, संख्या. आमच्या जिल्ह्याची शान म्हणजे सारस. राज्यातले बहुतेक सारस इथंच उरलेत, तेही मोजके. मनात होतं, पोरांना घेऊन तळ्यावर जावं, नशीब असेल तर एखादी जोडी दिसेल, फोटोही भारदस्त येईल. निघायच्या सकाळी चौथीतल्या निम्म्यांच्या घरी भारी धानाचं चुरणं निघालं. बेत राहिला.

सकाळी दहाचा सुमार. वर्गात अकरा पोरं. मी फळ्यावर तारीख लिहीत होतो आणि पाठीमागे एकदम शांतता झाली. आमच्या वर्गात अशी शांतता चांगली नसते, म्हणून वळून पाहिलं. सरवा वेचणाऱ्या त्या मुलीने आदल्या संध्याकाळी लोंब्यांचा एक झुबका बांधून भिंतीवर लटकवला होता, घरी दाराशी लावतात तसा. खिळा एकच रिकामा सापडला असावा, तक्त्याचा. झुबका बरोबर तिसऱ्या चौकोनावर आला होता. बूट घातलेला मुलगा, त्याचं दाताळं, त्याची लाल पानं सगळी धानाखाली झाकली गेली होती. आणि खिडकीतून दोन चिमण्या आत येऊन त्या झुबक्याला उलट्या लोंबकळून दाणे टिपत होत्या. टरफलं खाली पडत होती. पोरं तोंडावर हात धरून बसली होती.

मी खडू हळूच ठेवला, टेबलाचा खण आवाज न करता ओढला, निरीक्षणाचा कागद काढला आणि लिहिलं. पक्ष्याचे नाव: चिमणी. ठिकाण: वर्ग तिसरी-चौथी. संख्या: दोन.

"तीन जी," पानंवाला कुजबुजला. "एक पंख्यावर आहे."